हजार तासांचा हिशोब कुणाकडे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशात आरोग्यसेवेतल्या माणसांना किती मागणी आहे, याची बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या जोडीने ऑक्युपेशनल थेरपिस्टचंही नाव त्यात होतं, याचा आनंद झाला. पण 'पदवी घ्या, इंग्रजीची परीक्षा द्या आणि निघा' असा त्या बातमीचा एकूण सूर होता. मी या वाटेने गेलेली आहे. २००८ साली महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातून ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेतली, पुण्यात काही वर्षं काम केलं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. माझ्या पदवीला इथे मान्यता मिळायला अर्ज केल्यापासून चौदा महिने लागले. त्यातले नऊ महिने इंग्लंडमुळे गेले नाहीत, आपल्याकडच्या एका कपाटामुळे गेले. ते बातमीत नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी आमच्या कामाविषयी थोडं, कारण मराठीत आम्हाला व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात आणि 'व्यवसाय' म्हटलं की लोकांना नोकरीधंदा वाटतो. पक्षाघातानंतर ब्लाउजच्या बाहीत हात घालता येईना, मुलाला शाळेत पेन्सिल धरता येईना, अपघातानंतर संडासला बसता येईना, तर ते पुन्हा कसं जमवायचं हे आम्ही बघतो. दिवसभरात माणूस जे जे करतो तो त्याचा व्यवसाय, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

मी मूळची फलटण तालुक्यातली. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. लहानपणी तिची पाटी असंख्य वेळा वाचली, पण कमलाबाई कोण हे मला कळलं ते कॉलेजच्या पहिल्या वर्षी. त्या जन्माने अमेरिकन. लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या, अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. आशियातली पहिली. पुढे १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा दहा संस्थापक देशांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या रांगेत भारत होता. हे सांगते ते अभिमानासाठी तर आहेच, पण आणखी एका कारणासाठी. आपलं शिक्षण कमअस्सल आहे म्हणून बाहेर अडवतात, असा समज आपल्याकडे फार आहे. तो खरा नाही. जागतिक महासंघाने अभ्यासक्रमासाठी किमान मानकं ठरवली आहेत. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष रुग्णांबरोबर देखरेखीखाली किमान १००० तास काम केलेलं असावं, ही त्यातली मुख्य अट. आपल्याकडच्या महासंघमान्य कॉलेजांत शिकणारी मुलं ती पुरी करून वर आणखी काम करतात. माझंच सांगते. सहा महिन्यांची इंटर्नशिप, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे सहाच तास धरले तरी ९३६ तास होतात. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या वॉर्डातल्या पोस्टिंगचे तास वेगळे.

तास होते. ते लिहिलेला कागद नव्हता.

इंग्लंडमध्ये आमची नोंदणी एचसीपीसी, म्हणजे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, या संस्थेकडे होते. 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' हे पदनाम इथे कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसेल तर कितीही शिकलेल्या माणसाने ते स्वतःला लावायचं नाही. अर्जासोबत तुमच्या कॉलेजने भरून द्यायचा एक फॉर्म असतो. कोणते विषय शिकवले, किती तास, प्रात्यक्षिकं किती, रुग्णांबरोबरचं काम कोणकोणत्या क्षेत्रात, त्याचं मूल्यमापन कसं केलं, हे सगळं कॉलेजने लिहायचं आणि सोबत तुमच्या वेळचा अभ्यासक्रम जोडायचा. आज चालू आहे तो नव्हे, तुम्ही शिकलात त्या वर्षांचा.

मी इथे, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. तेव्हा हे काम वडिलांनी अंगावर घेतलं. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. फलटणहून माझ्या कॉलेजला जायचं तर एक गाडी बदलून पाच तास लागतात. ते आठ वेळा गेले. पहिल्या खेपेला ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "असं आजवर कुणी मागितलं नाही." दुसऱ्या खेपेला प्राचार्य रजेवर. तिसऱ्या खेपेला कळलं की २००४ चा अभ्यासक्रम ऑफिसात नाही, जुन्या विभागप्रमुख मॅडमकडे असेल, आणि त्या तर केव्हाच निवृत्त झालेल्या. चौथ्या खेपेला शिपायाने वडिलांना स्टोअररूममध्ये नेलं. तिथे गोदरेजच्या कपाटात फडक्यात बांधलेले गठ्ठे होते. तो अभ्यासक्रम तिथे सापडला, कोपरे कसरीने खाल्लेला, पण पानं सगळी होती. वडिलांनी व्हॉट्सॲपवर पानापानाचा फोटो पाठवला. प्रत्येक फोटोत कडेला त्यांचा अंगठा आलेला आहे.

पोस्टिंगचं रजिस्टरही मिळालं. त्यात माझ्या नावापुढे दिवसादिवसाला 'उप.' अशी खूण होती, उपस्थित. कोणत्या विभागात, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, काही नाही. त्या रात्री वडिलांचा फोन आला. म्हणाले, "पोरी, आमच्याकडं एका तिकिटाचा फरक पडला तर खिशातनं भराय लागायचं. दर टप्प्याला वेबिलवर नंबर लिहायचा, मग गाडीत चेंगराचेंगरी का असंना. आन् तुमच्या हजार तासाचा हिशोब कुणाकडंच नाही व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही, म्हणून तो प्रश्न मी तुमच्या वाचकांपुढे ठेवते आहे.

शेवटी जुनी वेळापत्रकं, रजिस्टर आणि तीन मैत्रिणींच्या वह्या मांडून मी तासांचा तक्ता तयार केला. निवृत्त मॅडमना फोन केला. त्यांनी तो तपासून दोन ठिकाणी दुरुस्त केला. त्यावर नव्या प्राचार्यांनी सही-शिक्का दिला. हे दोघे मनाने फार चांगले निघाले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण एवढ्यावर भागलं नाही. कॉलेजचा ईमेल जीमेलवरचा होता, संस्थेच्या नावाचा नव्हता. हा पत्ता कॉलेजचाच आहे कशावरून, अशी विचारणा आली. त्यासाठी लेटरहेडवर वेगळं पत्र. ती वडिलांची आठवी खेप.

इतक्यात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाची मुदत जवळ येत चालली होती. आमच्यासाठी एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही, अशी अट होती. पहिल्या वेळी मला लेखनात ६ पडले, पुन्हा बसावं लागलं. तो निकाल दोनच वर्षं धरतात. कॉलेजच्या कागदासाठी थांबलेला माणूस एकीकडे ही मुदतही मोजत असतो. नोंदणी होईपर्यंत मी इथल्या एका रुग्णालयात थेरपी असिस्टंट म्हणून काम केलं. काम आवडायचं, सहकारी चांगले होते. पण रुग्णाला घरी सोडायचं की नाही हे ठरवायला ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणून दुसरी कुणी यायची आणि तिने सांगितलेला कमोडचा स्टूल मी भांडारातून आणून द्यायचे. सहा वर्षं हाच निर्णय मी स्वतः घेत आले होते.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण नव्या मुलामुलींना तिचाच सगळ्यांत जास्त उपयोग होईल. कागद सगळे पोचले, तरी परीक्षकांनी अर्ज परत पाठवला. नाकारला नाही, जादा माहिती मागवली. पुण्यातल्या कामाविषयी मी लिहिलं होतं, 'पक्षाघाताच्या रुग्णांना एडीएल ट्रेनिंग दिलं.' एडीएल म्हणजे रोजची कामं, अंघोळ, कपडे, जेवण. आपल्याकडे केसपेपरवर आम्ही असंच लिहितो. वॉर्डात तीस-चाळीस रुग्ण असतात, दुसरं लिहायला वेळ कुठला? त्यांनी विचारलं होतं, रुग्णाच्या घरची परिस्थिती तुम्ही कशी तपासलीत? उद्दिष्ट कुणी ठरवलं? धोका कोणता ओळखलात?

दोन रात्री मी नुसती बसून होते. तिसऱ्या रात्री मला एक बाई आठवल्या. त्या खानावळ चालवायच्या. उजव्या बाजूला पक्षाघात झालेला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला चालायचं नंतर शिकवा, आधी भाकरी येऊ दे." त्यांच्या घरी गेले. त्या खाली बसून, पाटावर, चुलीपाशी भाकरी करायच्या. आता खाली बसता येत नव्हतं. म्हणून ओट्याच्या उंचीचं मोजमाप घेतलं, टेकायला उंच स्टूल केला. परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओलं फडकं पिळून घातलं. पीठ मळताना डाव्या हाताने उजव्यावर दाब द्यायला शिकवलं. उलथण्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केला, म्हणजे सैल मुठीतही बसेल. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या उजव्या तळव्याला चटका कळत नव्हता. तवा तापला आहे हे हाताला समजणारच नाही. म्हणून तव्याला हात लावायचा तो फक्त डावा, हे अंगवळणी पडेपर्यंत आम्ही थंड तव्यावर सराव केला. अकराव्या आठवड्यात त्यांनी एक भाकरी थापून भाजली. एका बाजूला जाड झाली होती. ती त्यांनी मला खायला लावली.

हे सगळं मी इंग्रजीत सरळ लिहून काढलं. परातीला काय म्हणायचं, भाकरी म्हणजे काय, तेही लिहिलं. कोणता निर्णय कशासाठी घेतला, बाईंची संमती कशी घेतली, घरच्यांना काय दाखवलं, आणि काय जमलं नाही तेही. जमलं नाही ते असं की त्यांना एकटीने परात उचलता आली नाही, सुनेची मदत लागायची ती लागलीच. सात आठवड्यांनी नोंदणीचं पत्र आलं.

आज लेस्टरमध्ये मी वॉर्डातल्या आजींना घेऊन तिथल्या छोट्या स्वयंपाकघरात जाते आणि त्यांना एक कप चहा करायला सांगते. केटल उचलता येते का, दूध फ्रीजमधून आणताना तोल जातो का, बटण बंद करायचं लक्षात राहतं का, हे बघून त्या घरी एकट्या राहू शकतील की नाही ते ठरतं. मी पुण्यात जे करत होते तेच हे. भाकरीच्या जागी चहा आला. विद्या आपल्याकडे आहे, ती लिहून ठेवण्याची सवय नाही.

माझ्या मैत्रिणी वेगवेगळ्या देशांत गेल्या, त्यांचे अनुभव ऐकले तरी मूळ तेच निघतं. अमेरिकेत २००७ पासून या क्षेत्रात शिरायलाच पदव्युत्तर शिक्षण लागतं, त्यामुळे आपली पदवी त्याच्या तोडीची आहे का हे तिथली एनबीसीओटी ही संस्था विषयागणिक पाहते. मगच तिच्या परीक्षेला बसता येतं. ३०० ते ६०० गुणांच्या त्या मोजपट्टीवर ४५० ला उत्तीर्ण. त्यानंतर ज्या राज्यात काम करायचं तिथला परवाना वेगळा. कॅनडात आधी सीज नावाची समकक्षतेची तपासणी, मग राष्ट्रीय परीक्षा, मग प्रांताची नोंदणी, आणि क्वेबेकचं सगळंच निराळं. ऑस्ट्रेलियात ऑक्युपेशनल थेरपी कौन्सिल पदवी तपासते, नोंदणी आप्रा ही संस्था करते. आयर्लंडमध्ये कोरू ही संस्था आहे. शिक्षणात तफावत दिसली तर ती देखरेखीखालचं काम किंवा परीक्षा यांतलं एक करायला लावते. आखाती देशांत डेटाफ्लो या कंपनीमार्फत थेट कॉलेजकडे पडताळणी होते. दारं वेगवेगळी, पण प्रत्येक दारातून एक पत्र निघतं आणि ते आपल्या कॉलेजच्या ऑफिसात येऊन पडतं. तिथे त्याला उत्तर देणारा कुणी असायला हवा.

म्हणून माझं मागणं परदेशी संस्थांकडे नाही. त्यांनी तपासावं, कसून तपासावं. माझ्या आईला उद्या पक्षाघात झाला तर तिच्या हाताला हात लावणारी व्यक्ती कुणी तरी तपासलेली असावी, असंच मला वाटेल. मागणं आपल्या कॉलेजांकडे आणि विद्यापीठांकडे आहे. पदवीच्या कागदाबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला सही-शिक्क्याचं तासांचं प्रमाणपत्र द्या. बालरोग, मेंदूविकार, हाताच्या शस्त्रक्रिया, मानसिक आजार, वस्तीतलं काम, प्रत्येक क्षेत्राचे तास वेगळे, देखरेख कुणाची होती त्यांच्या नावासकट. याला खर्च येत नाही. दर वर्षीचा अभ्यासक्रम स्कॅन करून कॉलेजच्या संकेतस्थळावर कायमचा ठेवा. संस्थेच्या नावाचा एक ईमेल घ्या आणि तो कोण उघडणार ते ठरवून द्या. पाच तासांचा प्रवास करून निवृत्त माणसाने आठ वेळा यावं असं या कामात काहीच नाही.

विद्यार्थ्यांनो, कॉलेज करील याची वाट बघू नका. पहिल्या पोस्टिंगपासून स्वतःची वही ठेवा आणि दर आठवड्याला मॅडमची किंवा सरांची सही घ्या. रुग्णाचं नाव लिहू नका, पण काय केलं आणि का केलं ते चार ओळींत लिहा. इंटर्नशिप संपली की राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करा. बाहेर गेल्यावर तुमची नोंदणी कुठे होती, तुमच्याविरुद्ध काही तक्रार होती का, हे विचारतातच. आणि एजंटांपासून सांभाळून राहा. माझ्या ओळखीच्या एका मुलीने एका एजंटला दीड लाख रुपये दिले. त्याने तिला तयार केसस्टडी दिल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी अर्जातल्या. तिने कधी न पाहिलेल्या रुग्णाविषयी परीक्षकांनी तिला प्रश्न विचारले. पुढे काय झालं ते लिहीत नाही. ती मुलगी हुशार होती, तिच्या स्वतःच्या कामात सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

बारावीनंतर या शाखेला प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या पालकांना एक सांगणं आहे. कॉलेज निवडताना अभ्यासक्रमाला जागतिक महासंघाची मान्यता आहे का आणि तुमचं मूल शिकेल त्या वर्षांत ती चालू राहणार आहे का, हे प्रवेशाआधी विचारा, उत्तर लेखी मागा. ही मान्यता नसेल तर पुढे अनेक देशांत पहिल्याच पायरीवर अडतं.

हे वाचून कुणी म्हणेल, आपल्याच खेड्यापाड्यांत थेरपिस्ट मिळत नाहीत आणि तुम्ही बाहेर जायची सोय मागता. हा प्रश्न रास्त आहे, मलाही तो टोचतो. फलटणला आले की ओळखीपाळखीचे लोक मुलांना घेऊन येतात, अंगणात रांग लागते. पण कागद अडवून माणूस गावात राहत नाही. तो पेशाच सोडून देतो. माझ्या वर्गातल्या दोघी आज परदेशात आहेत आणि दोघीही थेरपिस्ट म्हणून काम करत नाहीत, कारण कागद मिळाले नाहीत. त्यांचं शिक्षण तिकडेही कामाला आलं नाही आणि इकडेही. शिवाय केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात आमचा पेशाही आहे, आणि नोंदणीची पुस्तकं आता देशपातळीवरही राहणार आहेत. तेव्हा काय शिकलात, किती शिकलात याचा कागद इथे राहणाऱ्यालाही लागणारच आहे.

तासांच्या तक्त्याचा एक साधा नमुना मी तयार केला आहे, मराठीत आणि इंग्रजीत. एका पानाचा आहे. वेबिलसारखा दिवसाला एक ओळ, आठवड्याला एक सही. वडिलांनी रकाने आखून दिले. कुठल्याही कॉलेजला हवा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी पाठवीन, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. प्रवेशाच्या फेऱ्या लवकरच सुरू होतील, तेव्हा हे पत्र शक्य झाल्यास त्याआधी छापावं, ही विनंती.

आपली,
एक व्यवसायोपचारतज्ज्ञ,
लेस्टर, इंग्लंड
(मूळ ता. फलटण, जि. सातारा)